घराण्यात नाही, मग बीजात दोष आला कुठून?

लग्नाला सहा वर्षे झालेले एक जोडपे दवाखान्यात येते. बरोबर सासूबाई असतात. सुनेच्या हातात कागदांनी फुगलेली पिशवी असते. तीन वेळा केलेली सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, दुर्बिणीतून केलेली तपासणी, सारे काही तीत असते. प्रत्येक कागदावर ‘दोष आढळला नाही’ असाच शेरा. ‘यांची वीर्यतपासणी केव्हा केली होती?’ असे विचारले की सगळे गप्प होतात. नवरा खाली पाहू लागतो आणि सासूबाई म्हणतात, ‘डॉक्टरसाहेब, त्याची कशाला? आमच्या घराण्यात असलं काही नाही. याचे वडील सात भावंडं. याच्या दोन्ही भावांना मुलं आहेत.’

असे जोडपे एक नाही, अनेक आहेत. समजूत घातल्यावर तपासणी होते आणि कित्येकदा अहवालात शुक्राणूंच्या संख्येपुढे ‘शून्य’ लिहिलेले असते. मग दुसरा प्रश्न पुढे येतो आणि तो अगदी रास्त असतो. ‘डॉक्टर, तुम्ही म्हणता दोष आनुवंशिक असू शकतो. पण वडिलांत हा दोष असता तर हा जन्मलाच कसा असता? मूल न होणे हे बापाकडून मुलाकडे येईल कसे?’

वाचकहो, आजच्या लेखात या प्रश्नाचे उत्तर पाहू. ते समजले की बरेच गैरसमज दूर होतात आणि वायफळ खर्चही टळतो.

दोष कुणाचा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या अंदाजानुसार सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण असते. कधी ते एकटेच असते, तर कधी स्त्रीकडील कारणाच्या जोडीने असते. तपासणी मात्र बहुधा स्त्रीपासून सुरू होते आणि तिच्यापाशीच संपते. खरे तर वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी. ती आधी व्हायला हवी.

दुसरा गैरसमज पौरुषाचा. शरीरसंबंध व्यवस्थित होतो, वीर्य नेहमीसारखे येते, मग दोष असेलच कसा, असे पुरुषाला वाटते. पण वीर्यातला बहुतेक सर्व द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतो. प्रत्यक्ष शुक्राणूंचा वाटा फार थोडा, शंभरात पाचसुद्धा नसतो. त्यामुळे शुक्राणू एकही नसला तरी वीर्य डोळ्यांना तसेच दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ते कुणालाच कळत नाही. सर्व पुरुषांपैकी सुमारे शंभरात एकाच्या वीर्यात शुक्राणू मुळीच नसतात. त्याच्या मर्दानगीशी याचा काडीचाही संबंध नाही.

शुक्राणू तयार होतो तो कसा?

१६७७ साली हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्याने स्वतः बनवलेल्या भिंगातून शुक्राणू प्रथम पाहिले. त्यांच्या घडणीमागची जनुके मात्र गेल्या पन्नास वर्षांतच उलगडू लागली.

वृषणात केसासारख्या बारीक नलिकांची वेटोळी असतात. या नलिकांच्या भिंतीत मूळ पेशी असतात आणि वयात आल्यापासून त्यांचे काम सुरू होते, ते म्हातारपणापर्यंत चालते. निरोगी तरुणात दर सेकंदाला हजाराच्या आसपास शुक्राणू तयार होतात. एका मूळ पेशीपासून शुक्राणू घडायला सुमारे अडीच महिने लागतात आणि पुढे वृषणाला चिकटलेल्या अधिवृषण नावाच्या नळीत तो परिपक्व व्हायला आणखी काही दिवस जातात. म्हणून आज दिसणारा अहवाल हा तीन महिन्यांपूर्वीच्या प्रकृतीचा असतो. मधल्या काळात मोठा ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम नंतर दिसतो आणि पुढे भरूनही निघतो.

हे काम तीन टप्प्यांत होते. पहिला टप्पा हुकमाचा. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी दोन संप्रेरके सोडते. त्यांतले एक वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार करवते आणि दुसरे शुक्राणू पोसणाऱ्या पेशींना कामाला लावते.

दुसरा टप्पा विभागणीचा. आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. शुक्राणूत मात्र २३ च हवीत, कारण उरलेली २३ स्त्रीबीजातून येणार असतात. म्हणून गुणसूत्रे आधी जोडीजोडीने शेजारी येतात, आपसात काही तुकड्यांची देवाणघेवाण करतात आणि मग वेगळी होतात. जोड्या नीट जुळल्या नाहीत तर शरीर ती पेशी तिथेच नष्ट करते. चुकीचे बीज पुढे जाऊ नये, यासाठी ही निसर्गाची चौकी.

तिसरा टप्पा घडणीचा. विभागणीनंतरची पेशी गोल असते. तिला शेपूट फुटते, डोक्यावर टोपी चढते आणि आतला डीएनए घट्ट बांधला जातो. बांधण्यासाठी पेशीतली नेहमीची प्रथिने काढून प्रोटामिन नावाची खास प्रथिने येतात. ओल्या कपड्याला पीळ देऊन लहान करावे, तसे हे गाठोडे आवळले जाते. त्याशिवाय ते एवढ्याशा डोक्यात मावणार नाही आणि वाटेत सुरक्षितही राहणार नाही.

या साऱ्या कामात दोन हजारांहून अधिक जनुके लागतात. जनुक म्हणजे प्रथिन कसे बनवायचे याची डीएनएमध्ये लिहिलेली कृती. त्यांतल्या एखाद्या महत्त्वाच्या कृतीत चूक झाली की काम त्या टप्प्यावर अडते. बाकी शरीर मात्र अगदी धडधाकट राहू शकते.

एक गुणसूत्र जास्त

पुरुषात एक्स आणि वाय अशी लिंगगुणसूत्रांची जोडी असते, तर स्त्रीत दोन एक्स. काही पुरुषांत दोन एक्स आणि एक वाय असतात, म्हणजे एकूण ४७ गुणसूत्रे. अमेरिकेतील बोस्टनच्या डॉ. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ साली अशा रुग्णांचे वर्णन केले, म्हणून याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. जादा एक्स गुणसूत्राचा शोध १९५९ साली स्कॉटलंडमध्ये पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी लावला.

साधारण सहाशे पुरुषांत एकाला हे असते. बांधा उंच, पाय लांब, वृषणे लहान आणि घट्ट, दाढी विरळ अशी लक्षणे काहींत दिसतात. पण अनेकांत बाहेरून काहीच जाणवत नाही. ते शिकतात, नोकरी-शेती करतात, संसार करतात आणि मूल होईना म्हणून रक्त तपासल्यावर प्रथमच हे कळते.

हा दोष घराण्यातून आलेला नसतो. आईचे किंवा वडिलांचे बीज तयार होताना गुणसूत्रांची एक जोडी वेगळी व्हायची राहून गेली, एवढेच कारण. म्हणून भावांना मुले असतात आणि याला नसतात. अशा पुरुषांनाही पूर्ण निराश होण्याचे कारण नाही. सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातील नलिका तपासून शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया निघाली आहे आणि तीत दहापैकी चार-पाच जणांना थोडे शुक्राणू मिळतात. शिवाय या पुरुषांत पुढे टेस्टोस्टेरॉन कमी पडणे, हाडे ठिसूळ होणे, मधुमेह होणे यांचा धोका जास्त असतो. म्हणून मूल हवे असो वा नसो, निदान झालेले बरे.

वाय गुणसूत्रातला गळालेला तुकडा

१९७६ साली इटलीतील टिएपोलो आणि झुफार्डी या शास्त्रज्ञांनी मूल न होणाऱ्या ११७० पुरुषांची गुणसूत्रे पाहिली. त्यांतल्या सहा जणांत वाय गुणसूत्राच्या लांब भुजेचा टोकाकडील भाग नव्हता आणि त्या सहांच्याही वीर्यात शुक्राणू नव्हते. यावरून शुक्राणू घडवण्याची जनुके याच भागात असावीत, असे अनुमान निघाले. पुढे १९९६ साली या भागाचे ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ असे तीन पट्टे ठरवण्यात आले. त्यांतला एखादा पट्टा गळाला की त्याला वाय गुणसूत्राची सूक्ष्म त्रुटी म्हणतात. साध्या गुणसूत्र-तपासणीत ती बहुधा दिसत नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी चाचणी करावी लागते.

हा तुकडा गळतो तरी कसा? लहानपणी आपण ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य गंमत म्हणून म्हणत असू. सुलट वाचा की उलट, अक्षरे तीच. वाय गुणसूत्राच्या मजकुरातही असे उलटसुलट सारखे असणारे लांबलचक भाग आहेत, हे २००३ साली स्पष्ट झाले. वाय एकटा असतो. त्याला बरोबरीची जोडी नसते. म्हणून स्वतःच्या मजकुरातील चुका सुधारायला त्याला या सारख्या भागांचा उपयोग होतो. पण त्यातच धोका आहे. दोन सारखे भाग भलत्याच ठिकाणी एकमेकांना चिकटले की मधला तुकडा निसटून जातो.

हे बहुधा वडिलांच्या शरीरात, त्यांचा एखादा शुक्राणू घडताना होते. वडिलांच्या रक्तातला वाय पूर्ण असतो. त्या एका शुक्राणूतला अपुरा असतो आणि नेमका तोच बीजाला जाऊन मिळतो. म्हणजे बाप निर्दोष, मुलगाही निर्दोष आणि दोष मात्र जन्मापासूनचा!

कोणता पट्टा गळाला यावर पुढचा निर्णय अवलंबून असतो, म्हणून ही तपासणी महत्त्वाची. ‘ए’ किंवा ‘बी’ पट्टा पूर्ण गळाला असेल तर वृषणात शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. अशा पुरुषावर शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया करणे म्हणजे त्रास आणि पैसा दोन्ही वाया घालवणे. ‘सी’ पट्टा गळाला असेल तर मात्र काहींच्या वीर्यातच थोडे शुक्राणू असतात आणि शून्य असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांत शस्त्रक्रियेने ते मिळतात. ही संख्या वयाबरोबर घटू शकते, म्हणून मिळतील तेव्हा गोठवून ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

माल तयार, रस्ता बंद

काही पुरुषांत वृषणाचे काम उत्तम चाललेले असते, पण शुक्राणू बाहेर आणणाऱ्या दोन्ही शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात. वीर्य कमी आणि पाण्यासारखे पातळ असते, वृषणे मात्र नेहमीच्या आकाराची. अनुभवी डॉक्टरला हे नुसत्या हाताच्या तपासणीत कळू शकते. यामागे पुष्कळदा सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर या जनुकातील बदल असतात. या जनुकाचा शोध १९८९ साली लागला.

येथे शुक्राणू सुईने काढून घेता येतात आणि त्यांपासून मूल होऊ शकते. पण एक दक्षता घ्यावी लागते. हेच जनुक आईवडील दोघांकडूनही सदोष आले तर मुलाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा आणि पचनाचा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून आधी पत्नीचेही हे जनुक तपासावे. युरोपात सर्वाधिक आढळणारा बदल आपल्याकडे त्या मानाने कमी दिसतो, तेव्हा तिकडच्या ठरावीक यादीपुरती तपासणी आपल्याला पुरत नाही. काही जणांत शुक्रवाहिनीबरोबर एका बाजूचे मूत्रपिंडही नसते, म्हणून पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

नात्यातील लग्ने आणि आईकडून येणारे दोष

आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल अनेक समाजांत आहे. प्रत्येक माणसात काही जनुकांची एक प्रत सदोष असते. दुसरी चांगली असल्यामुळे त्रास होत नाही. नवरा-बायको रक्ताच्या नात्यातले असतील तर दोघांत तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. मग दोन्ही सदोष प्रती एखाद्या मुलाच्या वाट्याला येतात. आईवडिलांना मुले झाली, काही भावांनाही झाली, पण याला होत नाही, असे या प्रकारातही घडते.

घडणीच्या टप्प्यातले अनेक दोष असेच येतात. डीपीवाय-१९-एल-२ नावाच्या जनुकात दोष असला की शुक्राणूचे डोके गोल राहते आणि त्यावर टोपी चढत नाही. टोपीतील रसायनांशिवाय स्त्रीबीजाच्या कवचातून आत शिरता येत नाही. डीएनएएच-१ या जनुकातील दोषाने शेपूट आखूड किंवा वेडीवाकडी होते. संख्या पुरेशी असूनही असे शुक्राणू जागचे हलत नाहीत.

शेपटीची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिला हलवणारी यंत्रणा आणि आपल्या श्वासनलिकेतील कफ बाहेर लोटणाऱ्या सूक्ष्म केसांची यंत्रणा एकच आहे. म्हणून लहानपणापासून सतत सर्दी, सायनस, कफाचा खोकला असलेल्या पुरुषाचे शुक्राणू निश्चल आढळले तर दोन्हींचे मूळ एक असू शकते. अशा काहींचे हृदय उजव्या बाजूला असते. डॉक्टरांना खोकल्याचा जुना इतिहास सांगायला विसरू नये.

काही दोष आईकडून येतात. पुरुषाला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळते आणि त्याची दुसरी प्रत नसते. एक्सवरील टेक्स-११ या जनुकात दोष असल्यास गुणसूत्रांच्या जोड्या जुळण्याचे काम अडते आणि वीर्यात शुक्राणू येत नाहीत, हे २०१५ साली सिद्ध झाले. आईजवळ दुसरा चांगला एक्स असतो, त्यामुळे तिला मुले होण्यात अडचण येत नाही. यात आईला बोल लावण्याचे मुळीच कारण नाही. कोणते गुणसूत्र मुलाला द्यायचे, हे तिच्या हाती थोडेच असते?

औषधाने बरा होणारा प्रकार

आनुवंशिक म्हणजे उपाय नाही, असे समजू नये. पहिल्या टप्प्यातील, म्हणजे मेंदूकडून येणाऱ्या हुकमातील दोष औषधांनी चांगला सुधारतो. अशा मुलांना दाढी-मिशा फुटत नाहीत, आवाज फुटत नाही, वृषणे लहानच राहतात. त्यांतल्या काहींना वासही येत नाही. फोडणीचा नाही, अत्तराचा नाही की उदबत्तीचा नाही. याला कालमन सिंड्रोम म्हणतात. वासाच्या नसा आणि हुकूम देणाऱ्या पेशी गर्भात एकाच वाटेने मेंदूकडे जातात. ती वाटच बिघडल्यामुळे दोन्ही गोष्टी एकदम होतात. पियुषिकेच्या संप्रेरकांसारखी इंजेक्शने सहा महिने ते दोन वर्षे दिल्यावर यांतल्या पुष्कळांच्या वीर्यात शुक्राणू येतात आणि अनेकांना नैसर्गिकरीत्या मूलही होते. पंधरा-सोळाव्या वर्षीही मुलगा वयात आल्याची चिन्हे दिसत नसतील तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये.

वारंवार गर्भपात

दिवस राहतात पण टिकत नाहीत, यालाही कधी गुणसूत्रे कारण असतात. एखाद्याची दोन गुणसूत्रे एकमेकांना चिकटलेली असतात किंवा त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. माल सगळा असतो, फक्त जागा बदललेली असते, म्हणून तो माणूस निरोगी असतो. पण त्याच्या बीजात कधी कमी, कधी जास्त माल जातो आणि गर्भ पडतो. हा बदल नवऱ्यात असू शकतो किंवा बायकोतही. दोन किंवा अधिक गर्भपात झाले असतील तर दोघांची गुणसूत्र-तपासणी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. गर्भ सुनेच्या पोटात होता, म्हणून चूक तिची, हा न्याय विज्ञानाला मान्य नाही.

तपासणी कशी करावी?

वर्षभर नियमित संबंध असूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी एकाच वेळी तपासणी सुरू करावी. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच करावी. वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावा. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून न्यायचा असेल तर अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात पोचवावा. एका अहवालावर निष्कर्ष काढू नये. दोष दिसल्यास काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत दर मिलीलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, पुढे सरकणारे ३० टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के अशा किमान मर्यादा दिल्या आहेत. ‘फक्त चार टक्के चांगले!’ म्हणून घाबरू नये. निरोगी बापांतही बहुसंख्य शुक्राणू ओबडधोबडच असतात. तसेच या मर्यादेच्या खाली असलेल्या अनेकांना मुले होतात.

संख्या शून्य किंवा फारच कमी, सर्वसाधारणपणे मिलीलिटरला ५० लाखांच्या आत असेल, तर प्रत्यक्ष शारीरिक तपासणी, संप्रेरकांची तपासणी, गुणसूत्रांची तपासणी आणि वायच्या सूक्ष्म त्रुटीची चाचणी करावी. शुक्रवाहिन्या नसतील तर सीएफटीआर तपासावे. ही जनुकीय तपासणी शस्त्रक्रियेच्या आधी करायची असते, नंतर नव्हे. मुंबईत परळ येथे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्यावरील राष्ट्रीय संस्था आहे आणि हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातही भारतीय पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर बरेच संशोधन झाले आहे. रक्ताचा नमुना आता जिल्ह्याच्या गावातूनही मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. एवढे सगळे करूनही बऱ्याच जणांत नेमके कारण सापडत नाही, हेही सांगितले पाहिजे.

प्रत्येक दोष जनुकीय नसतो, हेही विसरू नये. वृषणाच्या शिरा फुगणे, वयात आल्यावर झालेल्या गालगुंडाची सूज वृषणात उतरणे, लहानपणी वृषण खाली न उतरणे, जंतुसंसर्ग, तंबाखू, भट्टीपाशी दिवसभर काम ही कारणेही आहेत. बाळाचे वृषण खाली उतरले नसेल तर शस्त्रक्रिया पहिल्या वर्ष-दीड वर्षात व्हायला हवी.

शक्तीच्या इंजेक्शनांपासून सावध

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. शुक्राणू कमी म्हणून टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेणे किंवा व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी तसली औषधे घेणे हे उलट फळ देते. रक्तात बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की पियुषिका ग्रंथीला वाटते, काम झाले आहे. ती हुकूम देणे थांबवते, वृषणे आळसावतात आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. औषध बंद केल्यावर बहुतेकांत ते पुन्हा येतात, पण त्याला महिनोन् महिने लागतात. त्याचप्रमाणे वाय गुणसूत्राचा गळालेला तुकडा कोणत्याही चूर्णाने, भस्माने वा टॉनिकने परत येत नाही. ‘खात्रीशीर इलाज’ म्हणून वर्षानुवर्षे पैसे उकळणाऱ्यांपासून दूर राहावे. त्या काळात पत्नीचे वय वाढत असते आणि ते परत मिळत नाही.

आजचा उपाय आणि उद्याचा विचार

१९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी हर्षा या टेस्टट्यूब बेबीचा जन्म झाला, हे अनेकांना आठवत असेल. तेव्हा पुरुषाचे शुक्राणू फारच कमी असतील तर उपाय खुंटत असे. १९९२ साली बेल्जियममधील ब्रसेल्स येथे एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडण्याच्या तंत्राने गर्भधारणा झाल्याचे प्रसिद्ध झाले. याला ‘इक्सी’ म्हणतात. तेव्हापासून मोजके शुक्राणू असलेले पुरुषही बाप होऊ लागले.

आणि येथेच सुरुवातीच्या प्रश्नाचे चक्र पूर्ण होते. पूर्वी वायचा तुकडा गळालेल्या पुरुषाचा दोष बहुधा त्याच्यापाशीच थांबत असे. आता इक्सीने मुलगा झाला तर बापाचा तोच वाय त्याला मिळतो आणि मोठेपणी त्यालाही हीच अडचण येणार, हे जवळजवळ ठरलेले असते. मुलींना वाय मिळत नसल्याने त्यांना हा त्रास नसतो. असे मूल होऊ द्यावे की नाही, हे ज्या त्या जोडप्याने ठरवायचे. मुलगा बाकी सर्व बाबतीत निरोगीच असतो. पण निर्णय माहिती घेऊन व्हावा, म्हणून जनुकीय सल्लागाराशी आधी बोलावे. शुक्राणू मिळणारच नसतील तर दात्याचे बीज किंवा दत्तक हे सन्मानाचे मार्ग आहेत. दात्याचे बीज २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत बँकेतूनच आणि पती-पत्नी दोघांच्या लेखी संमतीनेच घ्यायचे असते.

मूल न होणे बापाकडून मुलाकडे कसे येईल, या प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात सांगता येईल. पुष्कळदा ते येतच नाही, बीज घडताना नव्याने घडते. कधी आईवडिलांच्या एकेक लपलेल्या प्रती एकत्र येतात. कधी आईच्या निरोगी शरीरातून एक्सबरोबर येते. घराण्यात कुणालाच नव्हते, ही गोष्ट खरी असते. पण तिच्यावरून मुलात दोष नाही, हे सिद्ध होत नाही आणि सुनेत आहे, हे तर मुळीच नाही.

तेव्हा कागदांची ती जाड पिशवी घेऊन सून पुन्हा दवाखान्यात निघाली की घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलालाही बरोबर पाठवावे. एका छोट्या तपासणीने कधी वर्षांचा त्रास वाचतो, तर कधी एखादा संसार मोडता मोडता राहतो.